कोकणात कुठे जायचं, कुठे टाळायचं: दोन खाड्यांमधला हिशोब

दिवाळीच्या पंधरा दिवस आधीपासून मला फोन यायला लागतात. "तू कोकणातला ना? पाच दिवस आहेत. अलिबागपासून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जायचं म्हणतोय. वाटेत काय काय बघू?" माझं गाव गुहागर तालुक्यात. शिक्षण आणि नोकरी पुण्यात झाली तरी वर्षातून पाच-सहा फेऱ्या होतातच, त्यामुळे विचारणाऱ्याला मी मनापासून सांगतो, आणि पहिलं उत्तर ठरलेलं असतं: एवढं करू नका.

नकाशावर एक सरळ रेघ दिसते, पण हा किनारा खाड्यांनी चिरलेला आहे. दर तीस-चाळीस किलोमीटरवर खाडी आडवी येते. तिथे एकतर फेरीबोटीची वाट बघायची, नाहीतर आत हायवेपर्यंत जाऊन पुन्हा खाली उतरायचं. पाच दिवसांत रेवस ते रेडी करणारा माणूस समुद्र काचेतूनच बघतो. म्हणून माझा साधा नियम आहे: एका सहलीला दोन खाड्यांमधला एकच पट्टा. मुक्काम एका गावात, फार तर दोन गावांत. पुढचा पट्टा पुढच्या वर्षी.

पट्टा कसा निवडायचा, त्यात काय बघायचं, काय सोडून द्यायचं, हे आता क्रमाने सांगतो.

पहिलं काम: महिना आणि वार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. पण २५ डिसेंबर ते १ जानेवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्या वगळा. त्या आठवड्यात काशीद, गणपतीपुळे, मालवण या तिन्ही ठिकाणी गाडी लावायला जागा नसते, खोलीचे दर दुप्पट होतात, आणि वर्षभर प्रेमाने वाढणाऱ्या काकूंनाही तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. बुधवार-गुरुवार धरून रजा काढता आली तर तेच गाव वेगळं दिसतं.

एप्रिल-मे आंब्या-फणसाचा. उकाडा भयंकर, दुपारी घरात पडून राहण्याची तयारी हवी. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी गावी जातात. तेव्हा रेल्वेचं तिकीट मिळत नाही आणि महामार्ग तुंबतो. ओळखीच्या घरातून बोलावणं असेल तर जरूर जा, पालखी नाचवताना एकदा तरी बघावी. निव्वळ फिरायचं असेल तर ते दिवस गावकऱ्यांसाठी सोडा.

पावसाळ्यात जायला मी नाही म्हणत नाही. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रानफुलांचा गालिचा असतो. मात्र त्या काळात किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. जुलैत कोणी "ताजी सुरमई" वाढत असेल तर ती बर्फातली आहे असं समजा. त्या दिवसांत खाडीची मासळी मागा, नाहीतर सरळ कुळथाची पिठी आणि भात.

दुसरं काम: पट्टा निवडणं

सोबत कोण आहे त्यावर हे ठरतं. ज्यांना गुडघे दुखत असूनही देवदर्शन हवं अशी आजी, वाळूत खेळणारी पाच वर्षांची मुलं आणि स्कूबा करायला निघालेली चार मित्रांची टोळी, या तिघांना एकच गाव सुचवणारा माणूस त्यांच्याशी नीट बोललेलाच नसतो.

*दिघी ते बाणकोट.* दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मुंबईकरांना माणगाव-म्हसळा मार्गाने आणि पुणेकरांना ताम्हिणीतून सोयीचा. दोन रात्री पुरतात. वयस्कर मंडळी असतील तर दिवेआगरला मुक्काम करा: सपाट गाव, वाड्यांतून जाणारे सावलीचे रस्ते, घरोघरी उकडीचे मोदक. इथला सोन्याचा गणपती १९९७ मध्ये बागेत खोदताना मिळाला, २०१२ मध्ये दरोड्यात गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा मंदिरात आला. गावातली माणसं आजही तो दिवस डोळ्यांत पाणी आणून सांगतात, त्यांना सांगू द्या. जंजिऱ्याला जायचं तर राजपुरीची होडी पकडा, दिघीच्या बाजूनेही होड्या सुटतात. सकाळची पहिली होडी धरा. शनिवार-रविवारी दुपारी तिथे तासभर रांग आणि किल्ल्यात जेमतेम पाऊण तास मिळतो, त्या वेळेत एवढा मोठा किल्ला बघून होत नाही. काशीद मात्र रविवारी टाळाच.

*बाणकोट ते दाभोळ.* शाळकरी मुलं असतील तर माझी पहिली पसंती ही. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वीला उतरायचं, की पलीकडे वेळास. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उघडतात. पिल्लं असतीलच असं नाही. आम्ही गेलो तेव्हा पहिल्या संध्याकाळी टोपलीखाली नुसती वाळू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा पिल्लं होती. पाण्यापासून काही फुटांवर ठेवलेलं ते तळहातात मावणारं पिल्लू चार पावलं चालतं, थांबतं, मान वर करतं, पुन्हा चालतं. पहिली लाट त्याला उलटं करून मागे फेकते. ते सरळ होतं आणि पुन्हा निघतं. माझी भाची पाऊण तास जागची हलली नाही. म्हणून वेळासला दोन रात्री काढा, एक रात्र कमी पडते. राहायला गावातली घरं आहेत: साधी खोली, साधं जेवण. एसी आणि टीव्हीशिवाय चालत नसेल तर वेळासला जाऊ नका, यजमानांनाही त्रास होतो.

याच पट्ट्यात केळशीचं महालक्ष्मी मंदिर, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि हर्णैचा मासळीचा लिलाव. लिलाव दुपार उतरल्यावर सुरू होतो. धुता येतील अशा चपला घाला, आणि बोली चालू असताना मध्ये घुसून फोटो काढू नका, तिथे लोकांच्या दिवसाच्या कमाईचा प्रश्न असतो. समोर सुवर्णदुर्ग. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी गाड्यांचा आणि पाण्यातल्या खेळांचा इतका गोंगाट असतो की शांतता शोधणाऱ्याने तिकडे वळू नये. सकाळी साडेसहाला गेलात तर तोच किनारा सुंदर आहे.

*दाभोळ ते जयगड.* हा माझा, त्यामुळे माझा ओढा इकडे आहे हे आधीच सांगतो. दाभोळला चंडिकादेवीच्या गुहेतल्या मंदिरात जा. गाभाऱ्यात समईचाच उजेड, वाकूनच पुढे जावं लागतं. मग फेरीने धोपावे आणि तिथून गुहागर. सुरूच्या बनाला लागून लांबच लांब किनारा, व्याडेश्वराचं मंदिर, पुढे वेळणेश्वर आणि हेदवीचा दशभुज गणपती. संध्याकाळी सातनंतर इथे करण्यासारखं काही नसतं आणि तेच इथलं सुख आहे. मुलांना दर तासाला नवीन काहीतरी लागत असेल तर हा पट्टा निवडू नका.

*जयगड ते राजापूर.* जयगडची खाडी तवसाळहून फेरीने ओलांडायची. गणपतीपुळ्याला दर्शन घ्या, डोंगराची प्रदक्षिणा घाला, पण मुक्काम तिथे न करता मालगुंडला करा. तिथे केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे, आणि रात्री झोप लागते. आरे-वारेच्या वळणावर गाडी नीट बाजूला घेऊन थांबा. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा आणि टिळकांचं जन्मस्थान एका सकाळी होतं.

पण या पट्ट्यातली खरी गोष्ट सड्यावर आहे: कातळशिल्पं. जांभ्या कातळात कोरलेले प्राणी, माणसं, चौकोनी गूढ आकृत्या. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्यांचा समावेश झाला. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. उक्षीचा हत्ती बघायला सज्जा बांधलेला आहे, कुटुंब घेऊन जायला तो सोपा. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा. तिरप्या उन्हात खाचांत सावली पडते तेव्हाच आकृती उठून दिसते. भर दुपारी तुम्ही तिच्यावर उभे असलात तरी कळत नाही, वर सड्यावर सावलीला एक झाड नसतं. गावातला माहीतगार सोबत घ्या. चित्रावर चढू नका, खाचांत खडू किंवा पाणी भरू नका. हजारो वर्षं टिकलेलं आहे, आपल्या फोटोसाठी झिजायला नको.

*देवगड ते रेडी.* याला स्वतंत्र चार रात्री द्या आणि गाडीऐवजी कोकण रेल्वेने कणकवली किंवा कुडाळला उतरा. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. समुद्राने वेढलेल्या त्या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. स्कूबा करायचं असेल तर तारकर्लीत करा, पण खाली दिलेलं वाचून. देवबागजवळचं त्सुनामी बेट मला पटत नाही: वाळूचा छोटा पट्टा, त्यावर टपऱ्या आणि एकाच वेळी शंभर माणसं. तेवढ्याच वेळात भोगव्याला किंवा निवतीला जाऊन या. शिरोड्याला जाणार असाल तर मिठागरं बघा, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला होता. आणि एका सकाळी कुणकेश्वर.

तिसरं काम: तिथी बघणं

हॉटेलची परीक्षणं वाचण्यात लोक दोन रात्री घालवतात आणि भरती-ओहोटीची वेळ बघत नाहीत. कोकणात निम्म्या ठिकाणांचं "जावं की टाळावं" हे त्या वेळेवर ठरतं.

आमच्याकडे लहानपणीच शिकवतात: तिथीची पाऊणपट करा, जे येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. या हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ मोबाइलवर पडताळा आणि गावात विचारा. पण कॅलेंडर बघून सहलीचा दिवस ठरवायला हा हिशोब पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग: चढ-उतार कमी. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर मी भांगाचे दिवस सुचवतो.

आता हे लावून बघा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मंदिरामागून डोंगर चढून, कड्यात कोरलेल्या अरुंद पायऱ्यांनी उतरून, समुद्रालगतच्या खडकांवरून परत येते. खडकाला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली आहेत, ती बघण्यासारखी आहेत. पण ती वाट भरतीला पाण्याची आहे. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एक मोठी लाट येते आणि उभा माणूस ओढून नेते. इथे कितीतरी जीव गेले आहेत. पूर्ण ओहोटीच्या तासाभर आधी निघा, पाणी फिरायच्या आत परत या. वेळ चुकली असेल तर मंदिरातूनच नमस्कार करा. पावसाळ्यात ही वाट नकोच.

हेदवीची बामणघळ नेमकी उलटी. काळ्या खडकात एक उभी, अरुंद फट आहे. भरतीची लाट तिच्यात शिरते, आत घुमल्यासारखा आवाज होतो आणि पाण्याचा खांब आकाशात जातो. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी चीर दिसते आणि "यात काय बघायचं" म्हणून माणसं परत जातात. पौर्णिमेच्या आसपास अकरा-बाराला जा आणि लांब, कोरड्या खडकावर उभे राहा. खडक ओला दिसतोय याचा अर्थ तिथपर्यंत पाणी येतं. मुलांचा हात सोडू नका. घळीच्या तोंडाशी वाकून फोटो काढणारी माणसं दिसली की माझा जीव वरखाली होतो.

वाळू आणि पाणी

गाडी वाळूत घालू नका. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाने ओहोटीच्या कडक वाळूवर गाडी उतरवली. वळवताना मागचं चाक मऊ भागात रुतलं. जोर दिला तसं ते आणखी खाली गेलं. वाडीतली पोरं धावली, दोर लावला, फळ्या घातल्या. वीस मिनिटांत पाणी दारापर्यंत आलं. ट्रॅक्टर मिळेपर्यंत आतला गालिचा भिजून वायरिंग गेलं होतं. वहिनी किनाऱ्यावर मुलांना धरून रडत होत्या. माणसं सुखरूप राहिली ती त्या पोरांमुळे.

गणपतीपुळ्याच्या समुद्रात पोहू नका. तिथे दोन पावलांवर तळ एकदम खोल जातो आणि परतणारं पाणी जोरात ओढतं. घोट्यापर्यंत पाय भिजवा, पुरे. कुठल्याही किनाऱ्यावर आधी पाच मिनिटं उभं राहून लाटा बघा. दोन्हीकडे फेस फुटतोय आणि मधल्या पट्ट्यात पाणी काळसर, गुळगुळीत दिसतंय, तर ती जागा शांत नाही, तिथूनच पाणी आत परत जातं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दम संपतो. अंग सैल सोडून तरंगा आणि किनाऱ्याला समांतर सरका.

होडीत बसताना लाइफ जॅकेट घालून पट्टे आवळूनच बसा. माणसं कोंबली असतील तर उतरा, भाड्याचे पैसे गेले तरी चालतील. स्कूबासाठी परवाना दाखवायला सांगा, आणि दमा, कानाचं दुखणं किंवा रक्तदाब असेल तर लपवू नका.

जाणं, राहणं, जेवणं

गुहागरसाठी चिपळूण, दापोलीसाठी खेड, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी स्टेशन. तिकीट साठ दिवस आधी खुलतं, त्याच सकाळी काढा. घाटातून येणाऱ्यांना चिपळूणसाठी कुंभार्ली, रत्नागिरीसाठी आंबा, कणकवलीसाठी फोंडा आणि सावंतवाडीसाठी आंबोली. वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, निघण्याआधी चौकशी करा. कुठलाच घाट रात्री उतरू नका. फेरीबोटीची शेवटची वेळ जाताना विचारून ठेवा. ती चुकली तर खाडीला वळसा घालत काळोखात दोन-अडीच तास जातात.

खोली ठरवताना तीन प्रश्न फोनवर विचारा: किनारा पायी किती मिनिटांवर, वीज गेली तर काय सोय, आणि जेवण घरात बनतं का. एका देवस्थानाजवळ आम्ही फोटो बघून "समुद्र दिसणारी" खोली घेतली होती. खिडकीतून शेजारच्या लॉजची पाण्याची टाकी दिसत होती. तेव्हापासून मी खिडकीतला व्हिडिओ मागवतो, चांगले यजमान आनंदाने पाठवतात.

जेवण आधी सांगावं लागतं. दुपारच्या ताटासाठी सकाळी नऊच्या आत निरोप द्या, कारण नारळ त्यानंतर खवला जातो. न सांगता दीडला पोचून पंधरा मिनिटांत ताट मागितलंत तर फ्रिजमधलंच मिळेल. यजमानांना "तुमच्याकडे आज काय आहे?" असं विचारा. मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ, मेमध्ये फणसाची भाजी, सकाळी घावनं, बाजारात बांगडा चांगला आला असेल तर बांगडा. पनीरचा आग्रह धरू नका.

परतताना

आमसुलं, कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ: हे सगळं मुक्कामाच्या घरातच विचारा, बहुतेक ठिकाणी तिथेच बनतं. आंबे महामार्गाच्या कडेला घेऊ नका, तिथे परराज्यातला आंबा हापूस म्हणून सर्रास विकला जातो. बागवाल्याकडूनच घ्या, आणि तयार आंब्यांपेक्षा घरी अढी घालता येतील असे थोडे कच्चे मागा. पेटी बांधायच्या आधी खालचा थर उघडून दाखवायला सांगा. चांगला बागवाला तुम्ही सांगायच्या आतच गवत बाजूला करतो, देठाजवळ नाक नेऊन एक फळ स्वतः हुंगतो आणि मग तुमच्या हातात देतो.